कात्रणांना काच लावून देणारा चिपळूणचा फ्रेमवाला

आमचे अण्णा एसटीत वाहक. गणपती-दिवाळीत पेपरात महागाईवर व्यंगचित्र आलं की कात्री घेऊन बसायचे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा आमचं खालचं सगळं गेलं, पण कात्रणांची फाईल माळ्यावर होती म्हणून राहिली. त्यातली पाच यंदा बाजारपेठेतल्या एका जुन्या दुकानातून फ्रेम करून घेतली.

माणसाला कागदाची जाण आहे. खळीने चिकटवा म्हटलं तर म्हणाला, "खळ लावलीत की कसर आलीच." कात्रण तो वरच्या दोन कोपऱ्यांनाच अडकवतो आणि माउंट, म्हणजे चित्राभोवती कापलेली पुठ्ठ्याची चौकट, घालून काच कागदापासून सुटी ठेवतो. आपल्याकडे पावसाळ्यात काचेला आतून ओल धरते, कागद चिकटला की मग निघत नाही. उन्हाच्या भिंतीला लावू नका, हेही दोनदा बजावलं.

एक कात्रण १९९८ च्या दिवाळीचं, कांदा भडकला होता तेव्हाचं. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर एकच कांदा, हळदकुंकू वाहिलेला, आणि यजमान दाराला कडी घालतायत. दुसरं २०१५ चं. तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेलेली, दिवाळसणाला सासरे जावयाच्या हातावर डाळीची पुडी ठेवतात आणि जावई थेट लोटांगण. कडेला अण्णांचं बॉलपेननं लिहिलेलं: "अर्धा किलो आणली. ९८ रु."

घोटाळा नेमका इथे. माउंट कापताना गड्याने ती कडच झाकली. चित्र उठून दिसावं म्हणून, म्हणे! अहो, चित्र एखाद्या ग्रंथालयात जुन्या अंकात सापडेल, ते ९८ रुपये कुठे सापडणार? कुरकुरला, पण जादा पैसे न घेता उघडून पुन्हा करून दिली.

दहा बाय बाराच्या फ्रेमचे ३५० घेतले. साधी काळी पट्टी, त्या मानाने महागच. चार दिवस सांगून अकरा लावले. गणपतीच्या तोंडावर गेलो ही चूक माझी, तेव्हा देवांच्या तसबिरी आधी. उरलेली सतरा दसऱ्यानंतर नेणार.

कांदा स्वयंपाकघरात लावलाय. आई भाजी चिरताना वर बघते आणि त्याला आजचा भाव सांगते.