डॉल्फिन एम्युलेटर : एका टेस्टरचा शेरा

भावजींनी टोरोंटोहून येताना त्यांचा जुना निंटेंडो वी, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं मशीन, आमच्या लेकासाठी आणला आणि मी तो त्याच संध्याकाळी भिंतीतल्या सॉकेटला जोडला. अडॅप्टरवर १२० व्होल्ट असं छापलेलं होतं. चिंचवडच्या २३० व्होल्टनी त्याचा फट्‌कन निकाल लावला. पंधरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढलेल्या बाईने लेबल न वाचता प्लग लावला, हे आमच्याकडे अजून पाहुण्यांना सांगितलं जातं. नशिबाने गेला तो फक्त अडॅप्टर. १२ व्होल्टचा दुसरा आणला, वी उठून बसला, आणि पुढची सहा वर्षं त्यावर लेकापेक्षा जास्त आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, खेळले. रोज संध्याकाळी ‘वी स्पोर्ट्‌स’मधलं बोलिंग.

२०२० च्या टाळेबंदीत त्याचा डिस्क वाचणारा ड्राइव्ह घरघरायला लागला. डिस्क लागायची ती तिसऱ्या-चौथ्या खेपेला. लक्षण ओळखून मी वीवर होमब्रू चॅनल (निंटेंडोबाहेरचे प्रोग्रॅम चालवायची सोय) टाकलं, क्लीनरिप या प्रोग्रॅमने आमच्या पाचही डिस्क यूएसबीवर उतरवून घेतल्या आणि बूटमी या दुसऱ्या प्रोग्रॅमने मशीनच्या आतल्या मेमरीचा पूर्ण बॅकअप काढला. बॅकअप एवढ्यासाठी की अण्णांचे बोलिंगचे गुण १००० च्या वर जाऊन त्यांना ‘प्रो’ मिळालं होतं. ते गेलं असतं तर मला माहेरी जावं लागलं असतं. महिन्याभरात ड्राइव्हने मान टाकली. तेव्हापासून आमचा वी म्हणजे हॉलमधला जुना डेस्कटॉप आणि त्यावरचा डॉल्फिन. डॉल्फिन हा एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर वीची हुबेहूब नक्कल करून त्याचे खेळ चालवणारा प्रोग्रॅम.

खेळ कसे चालतात, ते आधी उरकते. चांगले चालतात. चित्र मूळ वीपेक्षा स्वच्छ दिसतं, कारण वी ४८० ओळींचं चित्र काढायचा आणि डॉल्फिन तोच खेळ कितीतरी मोठ्या रेझोल्यूशनला रंगवतो. बॅकअप आत घेतला तसे अण्णांचे गुण जसेच्या तसे आले. वीच्या एकेका डिस्कची फाइल साडेचार जीबीच्या आसपास होते, पण डॉल्फिनच्या आरव्हीझेड फॉरमॅटमध्ये मूळ माहिती न गमावता ती बरीच आटते. सगळं फुकट, सोर्स कोडसकट. आता ज्यासाठी लिहायला बसले त्याकडे वळते: ही मंडळी बग कसे दुरुस्त करतात.

डॉल्फिन पहिल्यांदा आला २००३ मध्ये, तेव्हा फक्त गेमक्यूबसाठी, म्हणजे निंटेंडोच्या वीआधीच्या मशीनसाठी. २००८ मध्ये त्याचा कोड जीपीएल या, कोणालाही वापरू-बदलू देणाऱ्या, परवान्याखाली खुला झाला. म्हणजे वीस वर्षांहून जास्त काळ लोक एकाच कामावर आहेत. कशाचं काम? गेमक्यूब २००१ चा, वी २००६ चा. दोन्हींचं उत्पादन कधीच थांबलं, वीचं ऑनलाइन दुकानही जानेवारी २०१९ मध्ये बंद झालं. या मशीनमध्ये आता कोणी काही बदलणार नाही. क्लायंट रिक्वायरमेंट बदलणार नाही, शुक्रवारी संध्याकाळी फोन येणार नाही. आमच्या धंद्यात असं प्रॉडक्ट स्वप्नात दिसतं. तरी काम संपत नाही, आणि ते का संपत नाही हे वाचताना मी माझ्या ऑफिसच्या कामापेक्षा जास्त शिकले.

पहिली अडचण ही की स्पेसिफिकेशन, म्हणजे मशीनने कसं वागायचं त्याचा लेखी तपशील, हातात नाही. मशीन कसं वागतं ते मशीनलाच विचारावं लागतं. हे लोक छोटे छोटे टेस्ट प्रोग्रॅम लिहून खऱ्या वीवर चालवतात, उत्तर टिपून घेतात आणि डॉल्फिन तेच उत्तर देतो का ते पाहतात. बहुरूप्याने फौजदाराचा नुसता वेष करून भागत नाही. कोणी मिशी ओढली तरी फौजदारासारखंच खेकसावं लागतं. एम्युलेटरचं तसंच आहे, आणि मिशी नेमकी कुठून ओढली जाईल ते प्रत्येक गेम ठरवतो.

माझा सगळ्यात आवडता बग ‘मारिओ कार्ट वी’मधल्या भुतांचा. या गेममध्ये टाइम ट्रायलला, म्हणजे घड्याळाविरुद्धच्या शर्यतीला, निंटेंडोच्या कर्मचाऱ्यांनी मारलेल्या फेऱ्या दिलेल्या आहेत. त्यांची अर्धपारदर्शक गाडी, म्हणजे घोस्ट, तुमच्या बरोबर पळते. ती गाडी कोणत्या क्षणी कुठे होती याची नोंद गेममध्ये नाही. नोंद आहे ती फक्त कोणतं बटण कधी दाबलं याची. गेम ती बटणं पुन्हा दाबतो आणि वेग, वळण, उडी सगळं नव्याने मोजतो. खऱ्या वीवर गाडी बरोबर शर्यत संपवते. डॉल्फिनवर एके काळी ती मध्येच भिंतीला जाऊन धडकायची आणि तिथेच धडपडत राहायची.

गाडी चालवताना यात काहीच खटकत नाही, कारण माणूस स्टिअरिंग सावरून घेतो. भूत सावरत नाही. गुणाकारातली शेवटच्या बिटाची, म्हणजे सगळ्यात बारीक अंकाची, चूक पहिल्या वळणावर केसभर, दुसऱ्यावर बोटभर, आणि तिसऱ्यावर गाडी भिंतीत.

कारण सापडलं ते प्रोसेसरच्या एका खोडीत. गेमक्यूब आणि वी, दोन्हींत पॉवरपीसी जातीचा प्रोसेसर. तो सिंगल प्रिसिजनचा, म्हणजे ३२ बिटांत मावणाऱ्या अपूर्णांकांचा, गुणाकार करताना गुणिले जाणाऱ्यांपैकी एका आकड्याचे फक्त २५ बिट ठेवतो, बाकीचे आधीच गोल करून टाकतो. तुमच्या-आमच्या कॉम्प्युटरमधला प्रोसेसर हे करत नाही. तो जास्त अचूक उत्तर देतो. आणि इथे जास्त अचूक म्हणजे चूक. दुरुस्ती अशी की गुणाकाराआधी आपणही तो आकडा मुद्दाम तासायचा. भुतं शहाण्यासारखी शर्यत पूर्ण करायला लागली, आणि ‘एफ-झिरो जीएक्स’मधल्या रीप्लेंचाही घोळ मिटला.

माझ्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये हाच बग आला असता तर काय झालं असतं, ते मला पाठ आहे. कोणीतरी ‘गेमचं नाव हे असेल तर भुताची गाडी रुळावर ठेव’ अशी ओळ घातली असती, मी टेस्ट केलं असतं, पास झालं असतं, आणि आम्ही सगळ्यांनी वडापाव खाल्ला असता. ठिगळं डॉल्फिननेही पूर्वी भरपूर लावली. फरक एवढाच की ती उसवायला ते नंतर परत येतात.

त्याचं मोठं उदाहरण २०१४ चं. गेमक्यूबची ग्राफिक्स चिप, तिचं नाव फ्लिपर, रंगांची सगळी आकडेमोड पूर्णांकांत करते. डॉल्फिन ती अपूर्णांकांत करायचा, कारण त्या काळच्या ग्राफिक्स कार्डांना ते सोपं पडायचं. त्यामुळे कुठे सावली चुकीची, कुठे भलत्याच जागी रेघ. एकेका गेमसाठी गोलाईचं ठिगळ लावलं की दुसरा बिघडायचा. शेवटी त्यांनी तो सगळा भाग पूर्णांकांवर नेला. ढीगभर बग एकदम गेले, आणि जुन्या ग्राफिक्स कार्डांवर डॉल्फिन मंदावला. वेग कमी होणार हे माहीत असूनही त्यांनी ते केलं. अशा बदलाच्या कागदावर सही करणारा मॅनेजर मला अजून भेटायचाय.

खेळताना चित्र मध्येच अडखळायचं, त्या झटक्यांची गोष्ट मात्र उलटी, तिथे वेगच परत मिळवायचा होता. फ्लिपरमध्ये रंग मिसळायच्या १६ पर्यंत पायऱ्या असतात आणि गेम त्यांची मांडणी हवी तेव्हा बदलतो. मूळ मशीनला त्याचं काही वाटत नाही. कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाला मात्र प्रत्येक नव्या मांडणीसाठी नवा शेडर, म्हणजे रंग कसे काढायचे ते सांगणारा छोटा प्रोग्रॅम, तयार करून द्यावा लागतो, आणि तेवढ्या वेळात चित्र अडखळतं. नवा शत्रू आला, झटका. पहिला स्फोट झाला, झटका. २०१७ च्या जुलैत त्यांनी उबरशेडर आणले: एकच अगडबंब शेडर, जो फ्लिपरच्या त्या अख्ख्या यंत्रणेचीच नक्कल करतो. हायब्रिड पद्धतीत नवी मांडणी आली की हा अगडबंब गडी वेळ मारून नेतो, मागे नेमका शेडर तयार होतो, आणि मग काम त्याच्याकडे जातं. तुमच्याकडे बरं ग्राफिक्स कार्ड असेल तर सेटिंगमध्ये हायब्रिड निवडा आणि विसरून जा. त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स : द क्लोन वॉर्स’ सुरू झाला. मेमरीचे पत्ते लावण्याची व्यवस्था हा गेम चालता चालता बदलायचा. गेमक्यूबच्या गेमांपैकी सुरूच न होणारा शेवटचा राहिला होता तो हाच.

दुसरी अडचण, पायाखालची जमीन हलते. वी बदलत नाही, पण विंडोज बदलतं, ग्राफिक्सचे ड्रायव्हर बदलतात, ॲपलने २०२० मध्ये सगळा प्रोसेसरच बदलला. डॉल्फिन पॉवरपीसीच्या सूचना चालता चालता तुमच्या प्रोसेसरच्या भाषेत उतरवून त्या लगेच चालवतो. ॲपलच्या नव्या मॅकवर नियम असा की मेमरीचा एकच तुकडा एकाच वेळी लिहिण्यासाठी आणि चालवण्यासाठी वापरता येत नाही. म्हणजे या प्रकारच्या प्रोग्रॅमच्या मुळावरच घाव. तेही त्यांनी सोडवलं. काही गोष्टी त्यांनी सरळ टाकूनही दिल्या: २०१३ मध्ये डायरेक्टएक्स ९ ही विंडोजची जुनी ग्राफिक्स व्यवस्था, पुढच्या वर्षी ३२ बिटांचे जुने कॉम्प्युटर. लोक चिडले. माझ्या मते टाकलं ते बरं केलं. जे टेस्ट करायला माणूस नाही, ते चालतं म्हणून सांगू नये.

टेस्टिंगबद्दल लिहिताना माझी लेखणी जरा घसरेल, चालवून घ्या. गेमने ग्राफिक्स चिपला पाठवलेल्या आज्ञांची रेकॉर्डिंग त्यांनी साठवलेली आहेत. कोणी कोडमध्ये बदल सुचवला की ती सगळी रेकॉर्डिंग पुन्हा चालतात, निघालेली चित्रं आधीच्या चित्रांशी ताडून पाहिली जातात, आणि कुठल्या गेमच्या कुठल्या कोपऱ्यात रंग हलला ते बदल स्वीकारण्याआधीच समोर येतं. याशिवाय स्वीकारलेल्या प्रत्येक बदलाची तयार प्रत कोणालाही उतरवून घेता येते. ‘पूर्वी चालायचं, आता नाही’ असं वाटलं तर मधली प्रत घ्यायची, बघायचं, मग उरलेल्यातली मधली. डॉल्फिनच्या ५.० या आवृत्तीनंतर मोजलेले बदल २१ हजारांच्या पुढे गेले होते, तरी १५ खेपांत नेमका गुन्हेगार बदल हातात येतो. कोड न कळणारा माणूससुद्धा इतका उपयोगी बग नोंदवू शकतो. ‘ॲप चालत नाही, लवकर करा’ असे मेल वाचणाऱ्या बाईला विचारा याची किंमत.

आता तक्रार. ५.० ही आवृत्ती २०१६ च्या जूनमध्ये आली आणि तिच्या पुढची स्थिर म्हणावी अशी आवृत्ती थेट २०२४ च्या जुलैत. आठ वर्षं! मधल्या काळात रोज काम चालू होतं, पण ‘स्थिर’ या शब्दावर विश्वास ठेवणारा साधा माणूस ५.० च घेऊन बसायचा आणि कधीच मेलेले बग नव्याने अनुभवायचा. कामाइतकंच ते लोकांच्या हातात देणंही महत्त्वाचं, हे त्यांना फार उशिरा सुचलं. आता आवृत्तीला वर्ष-महिन्याचा आकडा असतो, २४०७ म्हणजे जुलै २०२४, आणि दर काही महिन्यांनी नवी येते. माझा एक गुण मात्र मी या आठ वर्षांसाठी कापलाय. पाचपैकी चार.

बसवताना एक सांगते. खरा वी रिमोट ब्लूटूथने थेट जोडता येतो, पण टीव्हीखालची सेन्सर बार वीकडूनच वीज घ्यायची, ती आता बिनकामाची. तिच्यात सेन्सर नाहीच, दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे आहेत. बघतो तो रिमोट. यूएसबीवर चालणारी बार येईपर्यंत आम्ही टीव्हीपुढे हातभर अंतरावर दोन निरांजनं लावून खेळलो. खरंच चालतं. सासूबाईंना मात्र ते बघवेना.

आणि त्या दिवाळीत मेन्यूतला हात, म्हणजे रिमोटबरोबर पडद्यावर फिरणारी खूण, अचानक थरथरायला लागला. मी नवी प्रत, जुनी प्रत, मधली प्रत असं करत दोन संध्याकाळी घालवल्या, बगचा मसुदाही लिहिला. लेक म्हणाला, “आई, ती माळ बंद कर ना.” टीव्हीमागे पिवळ्या बल्बांची जुनी माळ होती. रिमोटला दोनाऐवजी पन्नास दिवे दिसत होते. मसुदा खोडला.

परवा अण्णा म्हणाले, “अगं, या कॉम्प्युटरवाल्या वीवर बॉल डावीकडे जातो. कळव त्यांना.” मी फोनमध्ये २०१६ चा व्हिडिओ शोधला. खरा वी, खरी डिस्क, अण्णा, आणि डावीकडे जाणारा बॉल. त्यांनी तो दोनदा पाहिला.

“म्हणजे तेव्हाही बिघडलेलाच होता तो,” म्हणाले, आणि रिमोटचा पट्टा मनगटात घालून उभे राहिले.