'से' की 'टेल'? आधी ऐकणारा शोधा

'ही सेड मी' आणि 'ही टोल्ड टू मी' या दोन्ही चुका मराठी माणसाच्या इंग्रजीत सर्रास ऐकू येतात. 'त्याने मला सांगितलं' यातल्या 'ला'चं 'टू' करून आपण मोकळे होतो, पण 'टेल'ला हा 'टू' नको असतो. ऐकणारा त्याला थेट चिकटतो: 'ही टोल्ड मी'. 'से'चं नेमकं उलट. तिथे ऐकणारा आणायचाच असेल तर 'टू' लागतोच: 'ही सेड टू मी'.

'से' म्हणजे म्हणणे, 'टेल' म्हणजे सांगणे, हे शाळेतलं समीकरण बरंच पुढे नेतं. पण एका जागी ते दगा देतं. 'त्याने सांगितलं की उद्या सुट्टी आहे.' कुणाला सांगितलं? मराठीला त्याची पर्वा नाही. इंग्रजीत मात्र 'ही टोल्ड दॅट' लंगडं वाटतं, तिथे 'सेड'च हवं. म्हणून 'सांगणे' दिसलं की लगेच 'टेल' लिहू नका. वाक्यात ऐकणारा आहे का ते आधी पाहा. असला तर 'टेल', नसला तर 'से'. कुणाला काही करायला सांगायचं असेल तर 'टेल'च: 'टेल हिम टू वेट'. आपण नुसतं 'थांबायला सांग' म्हणतो, पण इंग्रजीत तो 'हिम' गाळता येत नाही.

आता या कसोटीला न जुमानणारी मंडळी. गोष्ट, विनोद, खरं आणि खोटं यांना ऐकणारा नसला तरी 'टेल'च लागतं. त्यातलं 'खोटं' आपल्याला हटकून पाडतं, कारण मराठीत खोटं 'बोलतात' आणि मग 'स्पीक' तोंडात येतं. इंग्रजीत ते 'टेल अ लाय'. गंमत म्हणजे 'स्पीक द ट्रुथ' चालतं, त्यामुळे घोळ आणखी वाढतो.

'म्हणणे'ही तितकंच फसवं. आपण गाणं म्हणतो, पाढे म्हणतो, प्रार्थनाही म्हणतो. यातल्या प्रार्थनेला 'से' चालतं. गाण्याला 'सिंग' आणि पाढ्यांना 'रिसाइट'.

पाटीवर काही लिहिलेलं असतं, घड्याळात दहा वाजलेले असतात. इंग्रजीत दोघांनाही 'सेज' लागतं. त्याचा उच्चार तोकडा, 'सेझ' असा करायचा. 'सेइझ' ऐकलं की माझे कान टवकारतात.

'टेल'चा जुना अर्थ मोजणे. बँकेत पैसे मोजून देणारा-घेणारा 'टेलर' (शिंपी नव्हे) त्यातूनच आला. जर्मनमध्ये आजही मोजायला 'त्सेलेन' आणि गोष्ट सांगायला 'एर्त्सेलेन' म्हणतात. 'टेल'ला 'ओळखता येणे' असाही अर्थ आहे. जुळ्या भावंडांपैकी कोण कोण ते पाहून कळत नसेल, तर 'आय कान्ट टेल'. आपलं 'सांगता येत नाही' इथे अगदी चपखल बसतं. 'आय कान्ट से'ही चुकीचं नाही, पण त्यात 'मला ठाऊक नाही' किंवा 'मी यावर बोलणार नाही' असा सूर येतो.