मलम की चरबी? लायकेन स्क्लेरोससमध्ये निवड करताना

पाळी गेल्यानंतर योनीच्या बाहेरच्या नाजूक जागी सुरू झालेली खाज, पांढरट पडलेली कातडी, चिरा, लघवीच्या वेळची आग, आणि शेवटी बायोप्सीच्या रिपोर्टवर आलेलं 'लायकेन स्क्लेरोसस' हे नाव. एवढं सगळं तुमचं पार पडलं आहे असं धरून लिहिते. हा कातडीचा रेंगाळणारा आजार आहे; हे कोड नव्हे, बुरशी नव्हे, कोणाकडून लागलेलं तर नव्हेच; घरच्यांना इतकं सांगितलं की पुरे.

प्रश्न उपचाराचा आहे. एकीकडे क्लोबेटासोल या स्टिरॉइडचं मलम. दुसरीकडे पोटाची किंवा मांडीची स्वतःचीच चरबी काढून त्या जागी सुईने भरणं, आणि तिच्या जोडीला पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेला, प्लेटलेट्सनी दाट केलेला भाग टोचणं), स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी वगैरे. मी मलमावर आहे. माझ्या मावसबहिणीने चरबी भरून घेतली. दोघी जवळपास एकाच वयाच्या, आणि एकमेकींना काहीही विचारू शकतो अशा. पुढची तुलना त्यातून आलेली आहे, तेव्हा तिला तितपतच वजन द्या.

मलमाचा वैताग आधी सांगते, कारण तो कोणी सांगत नाही. क्लोबेटासोल ०.०५ टक्के हे औषध साधं आहे, जुनं आहे, महागही नाही. पण 'मलम' म्हणजे ऑइंटमेंट मिळवताना नाकी नऊ येतात. दुकानदार क्रीम पुढे सरकवतो. क्रीममध्ये पाणी आणि ते टिकवण्यासाठी घातलेली द्रव्यं असतात, चिरांवर ती झोंबतात. त्याहून वाईट म्हणजे मिश्रण असलेल्या ट्यूब. क्लोबेटासोलमध्येच बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक घातलेलं, आणि दुकानदार म्हणतो, "काकू, तेच आहे, उलट हे भारी आहे." तेच नसतं. आपल्याकडे गजकर्णाची जी चिवट साथ पसरली आहे, तिच्यामागे या मिश्रणांचा हात असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं ओरडून सांगत आहेत. क्लोबेटासोल चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, पण काउंटरवर त्याचा पत्ता नसतो. मी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर 'फक्त ऑइंटमेंट, मिश्रण नको' असं लिहून घेतलं आणि प्रश्न मिटला.

दुसरा वैताग मनातला. ट्यूबच्या कागदावर नाजूक जागी लावू नका असं छापलेलं असतं, आणि डॉक्टर तर तिथेच लावायला सांगतात. स्टिरॉइडने कातडी पातळ होईल ही भीती माझ्या घरातल्या प्रत्येकाने बोलून दाखवली. ऑस्ट्रेलियातल्या ५०७ बायकांच्या पाहणीने ही भीती माझ्यापुरती घालवली. २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ज्यांनी सांगितल्याप्रमाणे मलम चालू ठेवलं अशा ३५७ जणींत एकीलाही त्या जागी कॅन्सर किंवा त्याआधीची अवस्था झाली नाही. ज्यांनी लावायचं तेव्हा लावलं आणि सोडायचं तेव्हा सोडलं अशा १५० जणींपैकी सात जणींना झाली. या आजाराची खरी भीती तीच असते, खाज त्यामानाने परवडली. हा आकडा वाचल्यानंतर कागदावरच्या इशाऱ्याचं दडपण मी घेतलं नाही.

आता चरबी. न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन सिडनी कोलमन यांनी बसवलेली पद्धत जगभर चालते: बारीक नळीने चरबी ओढायची, यंत्रात फिरवून तेल आणि पाणी वेगळं करायचं, आणि उरलेली चरबी बोथट सुईने बारीक रेघांसारखी कातडीखाली सोडायची. ऊती मऊ होतात, आणि चरबीसोबत आलेल्या पेशी सूज कमी करतात असं त्यामागचं म्हणणं. २०१० मध्ये इटलीतल्या जिनोआच्या डॉ. कासाबोना यांनी १५ बायकांवर आणि २०१५ मध्ये मिलानच्या गटाने ३६ बायकांवर केलेले प्रयोग छापून आले. बहुतेकींना बरं वाटलं.

माझ्या बहिणीलाही बरं वाटलं, हे मी हात आखडता न घेता लिहिते. तिच्या बाबतीत आजाराने योनीचे ओठ चिकटून योनीची वाट अरुंद झाली होती. बसणं आणि नवऱ्याजवळ जाणं दोन्ही बंद. चरबी भरल्यावर ती जागा मऊ पडली, आणि तिने मला फोनवर जे सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. त्रास झाला तो पोटाचा. जिथून चरबी काढली तिथे निळं-जांभळं झालं, कमरेला घट्ट पट्टा, आणि कुशीवर वळताना ती ओरडायची. बिल लाखाच्या पुढे गेलं, विमा कंपनीने ते 'कॉस्मेटिक' म्हणून परत पाठवलं. भरलेल्या चरबीतला काही भाग शरीर शोषून घेतं, किती ते आधी सांगता येत नाही, म्हणून दुसऱ्या बैठकीची तयारी ठेवा असंही तिला सुरुवातीलाच सांगितलं होतं.

हे सगळं मी सोसलं असतं. माझी निवड एका गोष्टीने ठरली: तिच्या कपाटात आजही तीच ट्यूब आहे. चरबी भरल्यावरही मलम आठवड्यातून दोनदा चालू, वर्षाची तपासणी चालू, खाज उठली की पुन्हा रोज लावणं चालू. सर्जनने तिला हे लपवलं नव्हतं. तिने ऐकताना त्यावर फार लक्ष दिलं नाही, कारण 'एकदाचं सुटावं' हीच तर तिची इच्छा होती. मला जर मलमापासून सुटका हवी म्हणून ऑपरेशन करायचं, आणि ऑपरेशननंतर मलम लावायचंच, तर मधला पट्टा कशासाठी बांधायचा?

पीआरपीची गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण अनेक ठिकाणी ते चरबीच्या पॅकेजमध्येच घालतात. अमेरिकेच्या डॉ. अँड्र्यू गोल्डस्टीन यांनी आधी १५ बायकांवर ते वापरून पाहिलं, तुलनेला कोणी नव्हतं, फरक दिसला, २०१७ मध्ये छापून आलं. मग त्यांनीच तुलना करून पाहिली: काहींना पीआरपी, काहींना नुसतं मिठाचं पाणी, कोणाला काय टोचलं ते माहीत नाही. २०१९ चा निकाल: दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नाही. स्वतःच्या पहिल्या निष्कर्षाला असं तपासणारा माणूस मला आवडतो. चरबीचे बहुतेक आकडे मात्र अजून तुलनेशिवायच्या त्या पहिल्या पायरीवरचेच आहेत. बहिणीचं 'बरं वाटलं' यात चरबीचा वाटा किती आणि त्या महिन्यांत न चुकता लावलेल्या मलमाचा किती, हे तीही सांगू शकत नाही.

स्टेम सेलचं थोडक्यात. चरबीत एन्झाइम घालून पेशी वेगळ्या काढल्या की तो मामला नुसत्या चरबी भरण्याचा राहत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा बाकी वापर फक्त मान्यता मिळालेल्या चाचणीतच करता येतो. चाचणीला सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीचा, क्रमांक असतो. तो मागा. क्रमांकाऐवजी पॅकेजचा दर समोर आला, तर नमस्कार करून निघा.

नवऱ्याला किंवा भावाला हाच आजार असेल तर हिशेब वेगळा. पुढच्या कातडीपुरता असला की सुंता बहुतेक वेळा पुरते. मूत्रनलिका आवळत गेली तर गालाच्या आतल्या अस्तराचा तुकडा लावून ती रुंद करतात. जननेंद्रियाची कातडी वापरत नाहीत, कारण आजार तिच्यातही उतरतो. पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी आणि इटलीचे बार्बाग्ली यांनी लांबच लांब आवळलेल्या नळीसाठी एका बाजूने उघडून करायची पद्धत २००९ मध्ये मांडली, आणि ती शिकायला परदेशातले सर्जन पुण्यात येतात. या बाबतीत घराजवळच उत्तम सोय आहे, सुयांच्या जाहिरातींकडे वळायचं कारण मला दिसत नाही.

मग चरबी कोणी घ्यावी? मला वाटतं, मलमाने आजार शांत झालेला आहे, पांढरेपणा आणि खाज आटोक्यात आहे, पण जुन्या वणांमुळे जागा ताठ आणि अरुंद राहिली आहे, अशीने नक्की विचारावं. माझी बहीण त्यातलीच. तिला मी नको म्हटलं नसतं. पण आजार अजून पेटलेला असताना, किंवा मलम तीन महिने नीट लावून न बघता, थेट चरबीकडे जाणं मला तरी पटत नाही. तुमचे डॉक्टर वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका, त्यांनी तपासलं आहे, मी नाही.

'नीट लावणं' म्हणजे किती, याचा एक सोपा पडताळा आहे. बोटाच्या पेराएवढी रेघ साधारण अर्धा ग्रॅम. पहिला महिना रोज रात्री, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्यातून दोनदा, असं धरलं तर तीस ग्रॅमची ट्यूब तीन महिन्यांत जवळपास रिकामी व्हायला हवी. उघडल्याची तारीख पेनने ट्यूबवरच लिहा आणि तपासणीला जाताना ती पर्समध्ये टाका. निम्मी भरलेली असेल तर ऑपरेशनचं बोलण्याआधी डॉक्टर तुम्हाला पुढचे तीन महिने देतील.