रक्ताच्या कर्करोगात एनके पेशी की कार-टी: निर्णयापूर्वीची तुलना

पहिल्या उपचारानंतर ब्लड कॅन्सर उलटला, की घरात पुढच्या पर्यायांची शोधाशोध सुरू होते आणि त्यात अलीकडे 'एनके पेशी (नॅचरल किलर, म्हणजे रोगप्रतिकारक शक्तीतील एक जात) वाढवणारे उपचार' हे नाव हटकून पुढे येते. इंदूरच्या मराठी घरांत मुंबईच्या टाटा रुग्णालयात जाऊन आलेले कोणी ना कोणी नात्यात असतेच, त्यामुळे रुग्णाच्याच टी पेशी प्रयोगशाळेत बदलून परत देण्याच्या उपचाराचे, म्हणजे कार-टीचे, नावही कानावरून गेलेले असते. प्रस्तुत लेखकाचे मत आधीच सांगितलेले बरे: बी पेशींचा लिम्फोमा किंवा बी पेशींचा तीव्र ल्युकेमिया उलटला असेल तर आज विचार कार-टीचा करावा, तीव्र मायलॉइड ल्युकेमिया असेल तर बोन मॅरो प्रत्यारोपणाचा, आणि एनके पेशी बाहेरून देण्याचा उपचार नोंदणीकृत चाचणीतच घ्यावा, पैसे मोजून विकत घेऊ नये.

एनके पेशींबद्दलचे आकर्षण समजण्याजोगे आहे. १९७५ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत आणि त्याच सुमारास अमेरिकेतही या पेशींची ओळख पटली. रक्तातील लिम्फोसाइट पेशींपैकी साधारण ५ ते १५ टक्के या जातीच्या असतात. टी पेशीला ठरावीक लक्ष्य दाखवावे लागते. एनके पेशी मात्र सोसायटीच्या फाटकावरच्या रखवालदाराप्रमाणे समोरच्याकडे ओळखपत्र आहे की नाही एवढे पाहते. हे ओळखपत्र म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील एचएलए प्रथिने. टी पेशींना चुकवण्यासाठी कर्करोगाची पेशी ती लपवते, आणि नेमकी त्याच कारणाने एनके पेशीच्या तावडीत सापडते.

आता दोन्ही उपचार शेजारी ठेवू. कार-टीमध्ये रुग्णाच्याच टी पेशी यंत्राद्वारे काही तास रक्त फिरवून काढतात, प्रयोगशाळेत त्यांवर बी पेशींवरील सीडी१९ हे लक्ष्य ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) बसवतात आणि काही आठवड्यांनी त्या परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ या भारतीय कार-टीला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तिच्या ६४ रुग्णांच्या चाचण्यांमध्ये, ज्यांचे परिणाम मोजता आले त्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांना प्रतिसाद मिळाला. उपचारांशी संबंधित दोन मृत्यूही त्याच अहवालात नोंदले आहेत. सायटोकाइनचा (प्रतिकारपेशींच्या संदेशवाहक प्रथिनांचा) भडका, मेंदूवरील परिणाम आणि रक्तपेशी दीर्घकाळ कमी राहणे हे धोके खरे आहेत, आणि म्हणूनच हा उपचार अतिदक्षता विभागाच्या आधाराशिवाय देत नाहीत.

कार-एनकेमध्ये असाच ग्राहक एनके पेशींवर बसवतात. या पेशी दात्याच्या किंवा नाळेच्या रक्तातून घेतात, त्यामुळे त्या आधीच तयार करून गोठवून ठेवता येतात. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्राने २०२० मध्ये ११ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ८ जणांना प्रतिसाद मिळाला होता, आणि सायटोकाइनचा भडका किंवा मेंदूवरील परिणाम एकालाही झाला नव्हता. बातम्यांनी एवढेच उचलले. त्याच केंद्राचा ३७ रुग्णांचा अहवाल २०२४ मध्ये आला, तेव्हा प्रतिसाद ४८.६ टक्क्यांवर होता आणि एका वर्षानंतर आजार न वाढता राहिलेले रुग्ण ३२ टक्के होते. सुरक्षिततेत कार-एनके सरस आहे, यात शंका नाही. टिकाऊपणा मात्र तिला अजून सिद्ध करायचा आहे. साध्या, बदल न केलेल्या एनके पेशी शरीरात बहुधा काही आठवडेच टिकतात, गोठवून वितळवताना त्यांची ताकद घटते, आणि त्यांना जगवण्यासाठी आयएल-१५ सारख्या सायटोकाइनचा आधार द्यावा लागतो. वयस्कर, हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असलेल्या रुग्णाला कार-टी झेपणार नसेल, तर कार-एनकेची चाचणी शोधण्यात अर्थ आहे.

मायलॉइड ल्युकेमियाची गोष्ट वेगळी. तेथे सीडी१९ हे लक्ष्यच सहसा नसते, म्हणून वरील कार-टीचा उपयोग नाही. उलट एनके पेशींचा सर्वांत जुना पुरावा याच आजारातला आहे. इटलीतील पेरुजियाच्या गटाने २००२ मध्ये दाखवले, की अर्धजुळणीच्या (एचएलए अर्धेच जुळणाऱ्या नातेवाइकाकडून केलेल्या) प्रत्यारोपणात दात्याच्या एनके पेशी रुग्णाच्या पेशींना परके मानतील अशी जोडी असेल, तर हा ल्युकेमिया उलटण्याचे प्रमाण ठळकपणे घटते. प्रौढांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात तसा लाभ दिसला नाही. मात्र एक बारकावा येथे लक्षात घ्यावा. पेरुजियाच्या पद्धतीत दात्याच्या टी पेशी आधीच काढून टाकत. आपल्याकडे रूढ असलेल्या पद्धतीत प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देतात, आणि ते दात्याच्या वाढत्या एनके पेशींनाही मारते. त्यामुळे 'आईच्या पेशी दिल्या म्हणजे एनकेचा फायदा मिळालाच' असे गृहीत धरू नये. दाता निवडताना हा मुद्दा विचारात घेतला का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. इंदूरच्या एमवाय रुग्णालयात बोन मॅरो ट्रान्सप्लांटची सोय आहे. अर्धजुळणीचे प्रत्यारोपण तेथे करायचे की मुंबईला, ही चौकशी सर्वांत आधी करावी.

एनके पेशींना कामाला लावणारी औषधे इंदूरमध्ये रोज दिली जातात, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. रिटुक्सिमॅब या लिम्फोमावरील औषधाची पहिली सलाईन चार-सहा तास चालते. आधी पॅरासिटामॉल आणि अॅलर्जीविरोधी इंजेक्शन देतात, परिचारिका दर अर्ध्या तासाने थेंबांचा वेग थोडा वाढवते आणि थंडी वाजली तर थांबवते. त्या औषधाचे एक टोक कर्करोगाच्या पेशीला चिकटते आणि दुसरे टोक एनके पेशीवरील सीडी१६ या ग्राहकाला. लेनालिडोमाइडची गोळी एनके पेशींना अधिक जोमदार करते, आणि या दोहोंची जोडी फॉलिक्युलर लिम्फोमात मान्यताप्राप्त आहे. दोन्हींचे भारतीय पर्याय मिळतात.

येथेच 'एनके काउंट' तपासून तो वाढवून देण्याच्या पॅकेजबद्दल सावध करायला हवे. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगातील डाराटुमुमॅब या औषधाने रक्तातील एनके पेशी उलट कमी होतात, कारण औषधाचे लक्ष्य असलेले सीडी३८ त्यांच्यावरही असते. तरी औषध आपले काम करते. तेव्हा नुसता आकडा वाढला म्हणजे आजार हटला, हे समीकरण फसवे आहे. खऱ्या चाचणीची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत असते, तिचा क्रमांक मागितला की मिळतो, आणि चाचणीतील औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. लाखांचे बिल आणि क्रमांकाबाबत टाळाटाळ एकत्र दिसली, की तेथून उठावे.

खर्चाचे बोलायचे तर भारतीय कार-टीची किंमत बाजारात आली तेव्हा ३० ते ४० लाख रुपयांच्या घरात सांगितली जात होती. रुग्णालयाचा खर्च आणि नातेवाइकांचा मुंबईतला मुक्काम वेगळा. आयुष्मान कार्डाची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख आहे. अवंतिका एक्सप्रेसने संध्याकाळी निघून सकाळी मुंबईला पोचता येते हे खरे, परंतु पेशी दिल्यानंतरचे काही आठवडे केंद्राजवळच राहावे लागते, हा हिशेब आधी करावा.

कार-टीचा विचार मनात असेल, तर तो डॉक्टरांना बेंडामस्टीनची पहिली सलाईन लागण्यापूर्वी सांगावा. उलटलेल्या लिम्फोमात हे औषध सर्रास वापरले जाते, पण ते टी पेशी दीर्घकाळ कमी करते आणि त्यानंतर लवकर गोळा केलेल्या पेशींपासून चांगले कार-टी बनणे अवघड होते. दात्याच्या पेशींवर आधारलेल्या कार-एनकेला ही अडचण येत नाही. त्याच भेटीत नव्याने बायॉप्सी किंवा फ्लो सायटोमेट्री (पेशींवरील खुणा तपासणारी चाचणी) करून सीडी१९ अजून शिल्लक आहे का हेही पाहून घ्यावे. सीडी१९ वरच नेम धरणारे ब्लिनाटुमोमॅब हे औषध आधी दिलेले असेल, तर हे विशेष गरजेचे आहे.