फॉर्म्युला गाडीची फ्रेम जोडायचीय? अक्कलकोट रोडचं वेल्डिंग वर्कशॉप

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं हे वर्कशॉप मुळात यंत्रमागाचे सुटे भाग करणारं. साधी शेड बघून कॉलेजच्या फॉर्म्युला टीमनी, म्हणजे स्पर्धेसाठी छोटी रेसिंग गाडी बनवणाऱ्या विद्यार्थ्यांनी, नाक मुरडू नये. रेसिंग गाड्या बनवणारे करिवर्धन यांची फॉर्म्युला मारुती, जिच्यावर भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन घडला, तीही मारुती ८०० च्या इंजिनावरच धावायची.

पाइप वाकवणं झकास. मेन हूपला, म्हणजे ड्रायव्हरच्या मागच्या संरक्षक कमानीला, साधारण २५ मिमी व्यासाचा आणि २.५ मिमी जाडीचा पाइप लागतो. वाकवताना पाइप कुठेच चपटत नाही. सांधेही गोलाईला घासून नीट बसवतात. फट राहिली की भरणीची तार जास्त जाते, उष्णता वाढते आणि फ्रेम ओढली जाते. म्हणून आधी सगळीकडे वेल्डचे छोटे टाके, मग समोरासमोरचे सांधे आलटून पालटून पूर्ण करायचे, हा क्रम त्यांना सांगावा लागत नाही.

गडबड टिग वेल्डिंगमध्ये, म्हणजे आर्गॉन वायूच्या आच्छादनाखाली केलेल्या वेल्डिंगमध्ये, होते. मे महिन्यात शेडमधला मोठा पंखा चालूच. वाऱ्यानं आर्गॉन उडतो, वेल्डमध्ये बारीक छिद्रं पडतात. पंखा बंद करायला लावाच. शिवाय आर्गॉन वाचवायला टॉर्च लगेच उचलतात, त्यामुळे टोकाला खड्डा पडून तडा जातो. भाव सांध्यागणिक असतो, तो आधीच ठरवा. फ्रेम जिगवरून, म्हणजे ती घट्ट धरणाऱ्या साच्यावरून, सोडण्याआधी आणि नंतर दोन्ही कर्ण मोजा, म्हणजे ती ओढली गेली का ते कळेल.