काळ्या पानाच्या सिगारमध्ये साडेतेरा हजार गेले

आमचं घर निपाणीचं. आप्पांनी चाळीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काढली. त्यांच्या पंचाहत्तरीला एकदा तरी उंची सिगार हातात द्यावा, अशी माझी फार इच्छा होती.

बेळगावात ओळखीच्या ओळखीतून एक माणूस भेटला. त्याच्याकडे 25 नगांची पेटी होती, काचेच्या झाकणाची. म्हणाला, ‘क्युबाचा मदुरो, म्हणजे काळ्या पानाचा सिगार, साडेतेरा हजार.’ बिल मागितलं, तर म्हणे, ‘गोव्याकडनं माल येतोय, बिलाचं कशाला काढताय?’ तिथंच उठायला हवं होतं. पण ती काळीभोर, एकसारखी पानं बघून मी पैसे दिले.

घरी आप्पांनी एक सिगार उचलला, नाकाशी नेला आणि काही न बोलता बाजूला ठेवला. मी पेटवला. मदुरोच्या धुरात कॉफीची, कडू चॉकलेटची चव आणि मागून हलका गोडवा यावा लागतो. इथं पहिल्याच झुरक्याला जिभेचं टोक चरचरलं, घशाला औषधासारखा वास लागला. चांगल्या सिगारची राख इंचभर तरी टिकते. ही लगेच विस्कटून धोतरावर पडली.

मग आप्पांनी दुसरा सिगार नखानं उभा चिरला. आत लांब पानं नव्हतीच, नुसता चुरा आणि काड्या. ‘पोरा, ही वखारीची झाडलोट हाय,’ म्हणाले. ओला रुमाल वरच्या पानावर फिरवला, तर त्यावर शाईसारखा काळा डाग उठला.

मदुरो म्हणजे स्पॅनिशमध्ये पिकलेला. जाड पानांचे ढीग रचून, उलटेपालटे करत महिनोन्‌महिने स्वतःच्या उष्णतेत मुरवले की हा रंग चढतो. म्हणून तो कुठं गडद, कुठं फिका असतो, शिरा दिसतात. थोडा तपकिरी रंग खऱ्या पानाचाही लागतो, पण असा काळा नाही. माझ्या सिगारच्या शिरासुद्धा काळ्या होत्या!

खरी क्युबन पेटी काचेच्या झाकणाची येतच नाही. रीतसर आयात झालेल्या पेटीवर पुढं-मागं 85 टक्के जागेत आरोग्याचा सचित्र इशारा असतो. माझ्या पेटीवर तो कुठंच नव्हता. कुणी अशी पेटी दाखवली तर आधी या दोन गोष्टी बघा, आणि बिलाशिवाय एक रुपया देऊ नका.

त्या माणसाचा फोन दुसऱ्या दिवसापासून बंद आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायला बसलो, तेव्हा दाखवायला माझ्याकडं ती पेटी आणि डागाळलेला रुमाल एवढंच होतं.