लाल कोळी : अबामेक्टिन की गंधक?

शिरोळकडं आमची द्राक्षबाग. फेब्रुवारीत लाल कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड, लागून पानं तांबूस दिसली की दुकानदार लगेच अबामेक्टिन हे कीडनाशक काढून देतो. झटका जोरदार, पण दर फवारणीला तेच मारलं की कोळी दाद देईना. उन्हात आठ-दहा दिवसांत त्यांची नवी पिढी. त्यात नर जन्मतात अफलित अंड्यातून, जनुकांची एकच प्रत घेऊन. म्हणून प्रतिकाराचा गुण दबून राहत नाही, झपाट्यानं पसरतो.

८० टक्के गंधक संथ. पण त्याचा वार कोळ्याच्या शरीरात एकाच जागी नसतो, त्यामुळं कोळी सहसा सरावत नाही. पारा ३५ अंशांकडं सरकला की मात्र पानं करपतात, घडांवर डागही राहतात.

मी गंधकाच्या बाजूचा. सकाळी लवकर, पानाच्या खालून; कोळ्याची जाळी तिथंच असते.